डाव्या हाताची अंगठी

कारखान्यात तिला सगळे कटिंगताई म्हणत. घरात सासू तिला काहीच म्हणत नसे, 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावर तिचं भागत होतं. दोघींचं पटत नव्हतं असं म्हणणं फारच सौम्य होईल. दोन खोल्यांच्या त्या घरात एकीने चहा केला, तर दुसरी आधी ओटा पुसायची आणि मगच आपलं भांडं ठेवायची.

कारखाना कोट शिवायचा. तिथे कापडाला कात्री लावायचं काम बाईच्या हाती कधी गेलं नव्हतं. हिच्या हाती आलं, कारण हिचा हात डगमगत नसे. जाड लोकरी कापडाचे थर टेबलावर पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूची रेघ ओढायची आणि मग ती काळ्या मुठीची, लांब पात्यांची कात्री उचलायची. कात्री वळणावर थांबली की कापडाला दात पडतात आणि ते दात पुढे शिवणीत दिसतात. म्हणून एकदा सुरुवात केली की बाहीचा गोलावा संपेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. मुठीच्या खालच्या कडीत चार बोटं जातात. त्यातल्या करंगळीशेजारच्या बोटात लग्नाची अंगठी होती. थोड्याच दिवसांत कडी आणि अंगठी यांच्यामध्ये बोट सोलून निघालं. तिने अंगठी काढली, डाव्या हातात घातली आणि पुढचा ताका उलगडला. त्यामागे दुसरं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी.

पण सासरच्या लोकांत लग्नाची अंगठी उजव्या हातात असते. नवरा गेला की ती डाव्या हातात येते आणि मग तिथून हलत नाही. सासूची स्वतःची अंगठी कित्येक वर्षं डाव्या हातात होती. सुनेचा हात तिने पाहिला आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. माझ्या पोराला जिवंतपणी मारलंस, असं ती म्हणाली. सुनेने कात्रीचं कारण सांगितलं. मग काम सोड, असं उत्तर आलं. तुमच्या पोराची वाट बघून दोघींची पोटं भरणार असतील तर सोडते, असं सून म्हणाली, आणि त्या दिवशी कोणीच जेवलं नाही.

पोरगा ट्रक चालवायचा. आधी फेऱ्या लांबल्या, मग फेऱ्यांमधलं घरी येणं संपलं. फोन यायचा तो आईला, आणि आई तो घेऊन गॅलरीत जायची. एकदा सासू आंघोळीला गेली असताना फोन वाजला आणि सुनेने उचलला. पलीकडे एक लहान मूल ओरडत होतं, बाबा, माझ्याशी बोला. फोन लगेच बंद झाला. तिने तो होता तिथे ठेवला आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. सासूला हे माहीत होतं की नव्हतं, हे तिने विचारलं नाही. उत्तर ऐकायची तिची तयारी नव्हती.

त्या भांडणानंतर सुरुवातीला घरातली शांतता सांभाळायची म्हणून ती जिन्यातच अंगठी बदलत असे. सकाळी उतरताना डाव्या हातात, संध्याकाळी चढताना उजव्या. सासू दार उघडताना पहिल्यांदा हात बघायची, मग तोंड. पण कात्री बोटांना आपला आकार देते. उजव्या हाताची बोटं जाड होत गेली, सांधे फुगले, आणि एका संध्याकाळी अंगठी मधल्या सांध्याशी अडली ती अडलीच. तिने पुन्हा डाव्या हातात घातली आणि तशीच वर गेली. कात्रीचं कारण एकदा सांगून झालं होतं, ते दुसऱ्यांदा सांगायचं नाही हा तिचा हट्ट. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडचं सासूचं बोलणं तुटलं ते तेव्हापासून.

गंमत अशी की कारखान्याचा मालक दुसऱ्या मुलखातला. त्यांच्याकडे लग्नाची अंगठी डाव्याच हातात असते, त्यामुळे त्याच्या लेखी कटिंगताई नवऱ्याच्या राज्यात सुखात होती. घरचे कसे आहेत, असं तो अधूनमधून विचारायचा, आणि बरे आहेत, असं ती सांगायची. नव्याने लागलेला इस्त्रीवाला मात्र सासूच्याच लोकांतला. त्याची बायको वारलेली, त्याची स्वतःची अंगठी डाव्या हातात. त्याने टेबलावरचा तो हात पाहिला आणि मनाशी हिशोब मांडला. तिने ना मालकाला खरं सांगितलं ना इस्त्रीवाल्याला. आपल्या बोटाचा अर्थ सांगत बसायला तिला कोणी नेमलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी इस्त्रीवाला घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी फुलं. ती आतल्या खोलीत कपडे घड्या करत होती, तिला आवाज ओळखू आला.

"आई, मी कारखान्यात असतो," तो म्हणाला. "तुमचा मुलगा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. आधीच यायला हवं होतं."

सासूने विचारलं, "कधी?" तो आवाज सुनेने याआधी कधी ऐकला नव्हता. "कुठे झालं? गाडी उलटली का? तुला कोणी सांगितलं, बाबा?"

सून बाहेर आली तेव्हा म्हातारीने त्या माणसाच्या बाहीला धरलं होतं. इस्त्रीवाला गडबडला. कोणी सांगितलं असं नाही, कटिंगताईंच्या हातावरून मी समजलो, असं काहीतरी तो पुटपुटला. तेवढ्याने म्हातारीच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर रागही आला. पुढचं ऐकायला तो माणूस थांबला नाही. फुलं टेबलावर टाकून तो जिना उतरला. सुनेला त्याची दया आली नाही. आपल्या हातावरून हिशोब करणारा हा आणखी एक, एवढंच तिला वाटलं.

सासूने मोरीवरचा साबण आणला.

"उजव्या हातात घाल. माझ्यासमोर."

"जात नाही ती."

"घालायची नाही म्हणून जात नाही."

म्हातारीने तिचा हात धरला, अंगठी ओढून काढली, उजव्या बोटाला साबण चोळला आणि सगळा जोर लावून अंगठी ढकलली. सुनेने हात मागे घेतला नाही. एकदाचं बघू दे, असं तिच्या मनात होतं. अंगठी सांध्यावर चढली आणि कातडी गोळा करून तिथेच रुतली. पुढे जाईना, मागे येईना. बघता बघता बोट वांग्यासारखं जांभळं झालं. सासू तरीही ओढत होती, आणि ओढता ओढता पहिल्यांदा तिने ते बोट नीट पाहिलं. मग हात सोडून दिला. चुकले, असं काही ती म्हणाली नाही.

सोनाराकडे दोघी गेल्या. अंगठी आपल्या घरातली, सून ती कुठे टाकून येईल, म्हणून सासू बरोबर आली. सोनाराने अंगठीखाली पातळ पत्रा सरकवला आणि बारीक करवतीने ती कापली. या कात्रीच्या बोटाने जन्मभर दुसऱ्याचं कापड कापलं, आज त्याच्यावरच करवत चालली, असली काहीतरी कोटी त्याने तिचं काम ऐकून केली. कोणी हसलं नाही.

"जोडून देतो," तो म्हणाला. "माप कुठल्या हाताचं घेऊ?"

"उजव्या," सासू म्हणाली. "मोठी कर."

इतकं सोपं होतं ते. दोन शब्दांत मिटलं असतं, तेही कित्येक वर्षांपूर्वी. बोट ठणकत होतं. सुनेने डावा हात काउंटरच्या काचेवर ठेवला.

"ह्याचं घ्या."

सोनार घुटमळला. तोही सासूच्याच लोकांतला. "बाई, डाव्या म्हणजे..."

"मला माहीत आहे."

"जिवंत आहे तो," सासू म्हणाली.

"असू दे. तुमच्यासाठी असू दे. त्याच्या मुलासाठीही असू दे."

म्हातारीने 'कुठलं मूल' असं विचारलं नाही. पदर सावरून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.

बोटाला पट्टी बांधून घेऊन सून घरी पोचली, तेव्हा दार आतून बंद होतं. जिन्याच्या वळणावर तिची गादी, कपड्यांची पेटी आणि चहाचं भांडं ठेवलेलं होतं. तिने कडी वाजवली नाही. कारखान्याच्या माळ्यावर ताके ठेवायच्या खोलीत झोपण्यापुरती जागा होती. मालकाला काय सांगायचं ते उद्या बघता आलं असतं. ती वाकली आणि एका हाताने गादी गुंडाळून दोरीने बांधायला लागली.

समोरच्या खोलीतली बाई दारात आली. गादी, पेटी, बांधलेलं बोट, सगळ्यांवरून तिची नजर फिरली.

"काय गं, काय झालं?"

बंद दाराच्या आत, अगदी फळीला लागून, कोणीतरी उभं असल्याची चाहूल होती.

"नवरा वारला," ती नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाली.

"अगं बाई. कधी?"

"आत्ता, दुपारी," ती म्हणाली, आणि दोरीचं दुसरं टोक धरायला तिला जवळ बोलावलं.