गावाकडून आलेली झुरळं

मंगरूळपीरला मी पाहिलेल्या घरांतलं हे चौथं. पहिल्याला पाणी नव्हतं. पुढच्या दोन घरमालकांनी आधी आडनाव विचारलं आणि मग दोघांनाही एकदम आठवलं, की भाचा शिकायला येणार आहे, खोली त्याला लागेल. चौथ्या घराच्या काकूंनीही आडनाव विचारलं, पण नोकरी सरकारी आहे म्हटल्यावर त्यांना कुठलाच भाचा आठवला नाही. घरात मटण शिजवायचं नाही, एवढीच अट. मी कबूल केली. मटण मला तसंही धाब्यावरच आवडतं.

खाली काकू आणि काका, वर आम्ही दोघं, मी आणि आई. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर स्लॅब. काकांची गावाकडे शेती होती आणि ती दुसरे कसत. काका दिवसभर टीव्हीवर बातम्या बघत, त्यांचा घरातल्या कुठल्याच गोष्टीशी संबंध नसे. त्यामुळे आमचा जो काय व्यवहार होता, तो काकूंशी.

आईला इथे आणायला मला दोन वर्षं लागली. बाबा गेल्यावर तिने आमच्या इंझोरी गावाच्या आसपासची बहुतेक वावरं निंदली, वेचली, सोंगली. त्यातलं एकही तिचं नव्हतं. मी लिपिक झालो तेव्हा म्हटलं, आता बस. पण तिला शहर नको होतं. शहर म्हणजे मंगरूळपीर. शेवटी हे घर मिळालं त्या मार्च महिन्यात ती आली, आणि आपली कापडी पिशवी तिने कपाटात न ठेवता दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, चष्मा, सगळं त्यात तयार. रोज सकाळी उठल्यावर मी आधी तो खिळा बघायचो. ती परत जाऊ नये, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

पंधरा दिवसांत झुरळं दिसली. मी पाचला उठून चहा ठेवायला गेलो, दिवा लावला आणि ओट्यावरून सात-आठ जणं एकदम सिंकच्या खाली पळाली. मोठी उडणारी नव्हेत, ती बारीक, तपकिरी, घाईत असलेली. आठवड्याभरात ती गॅसच्या शेगडीखाली, मिक्सरच्या बुडाशी, फ्रीजच्या रबरात अशी सगळीकडे झाली. मी कधीच किडामुंगीला घाबरणारा नाही, पण भाकरीच्या टोपलीत झुरळ निघालं त्या दिवशी मी जेवलो नाही.

काकूंना सांगणं माझं काम होतं, म्हणून सांगितलं. त्या जिन्याशी उभ्या राहून अगदी गोड आवाजात बोलल्या.

"आधीच्या किरायेदाराच्या वेळी एक झुरळ नव्हतं बरं. आता गावाकडची चुंगडी-बोचकी आली का त्यात येतातच. तुमच्या आईले काही म्हणत नाई मी."

आई वरच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत गेली.

चुंगडी म्हणजे पोतं. इंझोरीहून माझा चुलतभाऊ महिन्यातून एकदा एक चुंगडी एसटीत टाकून द्यायचा. तूर, ज्वारी, कधी हरभऱ्याची डाळ, कधी वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. मी स्टँडवरून ती आणायचो. काकूंच्या त्या बोलण्यानंतर पहिली चुंगडी आली तेव्हा आईने ती घरात येऊच दिली नाही. सरळ स्लॅबवर नेली, जुनं लुगडं अंथरलं, सगळं धान्य पसरलं, चुंगडी उलटी करून शिवणीशिवणीतून झटकली आणि दुपारभर उन्हात तिथेच बसून राहिली. मधूनच खाली अंगणात बघायची. काकू अंगणात असल्या, की पोतं जरा जोरात झटकायची. संध्याकाळी धान्य चाळून घरात आलं. मग दर महिन्याला तेच.

मला राग यायचा. काकूंचा कमी, आईचा जास्त. आपण काही केलेलं नसताना रोज हजेरी द्यावी तशी ती स्लॅबवर जाऊन बसायची. मी तिला कितीदा म्हटलं, सोड ना. ती म्हणायची, उन्हात टाकलं तर काय बिघडते? बिघडत काहीच नव्हतं. झुरळंही कमी होत नव्हती.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. जून महिन्यात एकदा मी स्टँडवरच चुंगडीचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. काही नव्हतं. तरी त्याच संध्याकाळी ऑफिसच्या मागे जाऊन मी चुलतभावाला फोन केला, की काही दिवस धान्य पाठवू नको, इथे ठेवायला जागा नाही. त्याने बरं म्हटलं. चुंगड्या बंद झाल्या. आईने काही विचारलं नाही. मी समजलो, पुतण्याला यंदा पिकलं नसेल असं तिला वाटलं असेल. आणि दोन महिने एकही चुंगडी न येता झुरळं तेवढीच राहिली, यावरून मी जो धडा घ्यायला हवा होता, तो घेतला नाही.

बाकी उपाय चालूच होते. खडूच्या रेघा ओढल्या; झुरळं त्या आरामात ओलांडून जायची. कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या केल्या. पहिले आठ दिवस बऱ्या गेल्या. तमालपत्र कुणीतरी सांगितलं, तेही ठेवलं, आणि ते शेवटी भातात घातलं. आईचा सगळ्यात मोठा विश्वास चपलेवर होता. पण तिथे एक अडचण होती. आई रोज संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणते, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. एकदा ती हात जोडून म्हणत असताना मूर्तीच्या मागून झुरळ निघालं आणि भिंतीवर अगदी तिच्या नाकासमोर थांबलं. आईचा आवाज हलला नाही. पाचही शीलं तिने शांतपणे पूर्ण केली, नमस्कार केला, उठली, चप्पल घेतली. मी हसायला लागलो तर मला म्हणाली, "ते शील काय इसरली नाई मी. अन् मी कायी शौकानं मारून नाई राह्यली." दुसऱ्या दिवसापासून तिने वेळ बदलली. मारायचं ते पहाटे पाचला, मग आंघोळ, आणि वंदना संध्याकाळी.

पोळ्याला ती इंझोरीला गेली. खिळ्यावरची पिशवी घेऊन गेली, त्यामुळे ती परत येते की नाही, याची मला खात्री नव्हती. चार दिवसांनी आली. बरं वाटलं. पिशवीत खाली फडक्यात गुंडाळून काय होतं, ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ती घराबाहेर जिन्यात बसली होती. डोक्याला फडकं, तोंडाला पदर बांधलेला. दार उघडलं आणि वासाने माझे डोळे चुरचुरले. तो वास आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. सोयाबीनवर मारतात ते औषध. चुलतभावाच्या घरी बाटलीत उरलेलं तिने मागून आणलं होतं. एका पंपाला किती झाकणं, हा हिशेब तिला तोंडपाठ. पंप नव्हता, म्हणून कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत भरलं आणि खिडक्या लावून घेऊन ओट्याखाली, रॅकमागे, सिंकच्या पाइपाभोवती, सगळीकडे मारलं. भांडी मात्र आधी समोरच्या खोलीत नेऊन झाकून ठेवली होती. आणि स्वयंपाकघराच्या कडीला तिने लाल चिंधी बांधली होती. फवारलेल्या वावरात कुणी ढोरं घालू नयेत म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावतात, तशी.

"अळीले लागते, माव्याले लागते, मंग हे काहून नाई मरत म्हणावं?" एवढं बोलून ती उठायला गेली आणि जिन्यातच ओकली.

मी घाबरलो. उघड्या वावरात वारा असतो, बंद स्वयंपाकघरात नसतो, हे चाळीस वर्षं वावरात काढलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही. आणि ती काहीतरी करून बसणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मोटारसायकलवर मागे बसवून, एका हाताने तिचे हात माझ्या पोटाशी धरून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कपडे बदलायला लावले, साबणाने हातपाय धुवायला लावले, सलाईन लावली आणि मला शिव्या दिल्या. सलाईनकडे बघत आई पडल्या-पडल्या म्हणाली, आता तरी ते लोक म्हणणार नाहीत. ते लोक म्हणजे काकू. मला त्या क्षणी काकूंचा नव्हे, स्वतःचाच फार तिटकारा आला.

बाटलीची मी दुकानदाराला विचारून नीट विल्हेवाट लावली. सगळ्या खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवल्या, स्वयंपाकघर साबणाने तीनदा धुतलं. तोवर जेवण बाहेरून. आई तिसऱ्या दिवशी चालू-फिरू लागली. आमच्याकडे झुरळ दिसत नव्हतं, हे खरं. एकही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. सहा महिन्यांत त्या पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या. माझ्याकडे न बघता आईलाच म्हणाल्या, "बाई, तुमी काय मारलं हो? खाली निरे झुरळंच झुरळं झाले. परवा महालक्ष्म्या बसतात माझ्या घरी."

महालक्ष्म्या म्हणजे घरभर पाहुणे, पुरण, सोळा भाज्या, आणि त्या स्वयंपाकघरात एरवी आईला कुणी पाय ठेवू दिला नसता. ते विषारी औषध पुन्हा मारायचं नाही, असं मी सांगितलं. पण आईने पदर खोचला. आम्ही दुकानातून घरात चालणारं झुरळांचं जेल आणलं, बोरिकच्या गोळ्या केल्या आणि खाली गेलो. मी सोबत गेलो, कारण मला आता तिच्यावर भरवसा नव्हता.

काकूंचं स्वयंपाकघर चकचकीत होतं. पण कोपऱ्यातलं लाकडी फडताळ भिंतीला लावलेलं होतं, बहुधा घर बांधलं तेव्हापासून. आई म्हणाली, हे सरकवा लागते. मी आणि काका, आम्ही दोघांनी ओढलं. काका टीव्हीसमोरून उठलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मागची भिंत काळी होती. नुसती मळकी नाही, वर्षानुवर्षांचे थर बसलेले. तुरीच्या दाण्याएवढी अंड्यांची रिकामी टरफलं खराट्याने ओढली तर सूपभर निघाली. भिंतीच्या कोपऱ्यातून आमच्या सिंकचा पाइप खाली येत होता आणि त्याच्याभोवती मुठीएवढं भोक होतं, सरळ वर आमच्या ओट्याखाली जाणारं. त्या भोकाच्या कडाही तशाच काळ्या. हे सहा महिन्यांचं काम नव्हतं. आम्ही या घरात यायच्या कितीतरी आधीचं हे गाव तिथे वसलं होतं.

काकूंनी पाहिलं, मी पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, हे जुनं लाकूड असंच असते. आईने मान हलवली आणि खराटा पुढे चालवला. तासाभरात तिने भिंत घासली, जेल लावलं, भोकात सिमेंट भरायला सांगितलं. मग चहा आला. काका-काकूंचा स्टीलच्या पेल्यात, आमचा कागदी कपात. मी घेतला नाही. आईने दोन्ही घेतले.

वर आल्यावर मी फुटलो. आता जाऊन तोंडावर सांगतो, म्हटलं. कोणाची झुरळं कोणाकडे आली, ते एकदा होऊनच जाऊ दे. तुला उन्हात बसवलं त्या बाईने.

आई हात धूत होती. धुऊन, पुसून झाल्यावर म्हणाली, "सांगून काय भेटते? घर सोडा लागते. अन् तिले आता दिसलं ना." मग अगदी साध्या आवाजात, "तुले बी तसंच वाटे. चुंगडी पाठवू नको म्हणून फोन तूच केला होता. पोयाले गेली तवा सांगतलं त्यानं मले."

ती चिडली नाही. कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी मी चुलतभावाला फोन केला. जागा झाली, पाठव, म्हटलं. दसऱ्याच्या आधी चुंगडी आली, नवे मूग आणि ज्वारीची लाही. मी ती स्टँडवरून खांद्यावर घेऊन आलो. काकू अंगणात तुळशीपाशी होत्या. आमच्या दारापर्यंत चढलो आणि माझे पाय सवयीने स्लॅबच्या जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या चढलोही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दाराच्या खिळ्यावर पिशवी नव्हती, ती कधी काढली ते मला कळलं नव्हतं.

"तिकडं कुठी जाऊन राह्यला?" ती म्हणाली. "आत आण."