इंदूबाईंचा डोंगर

समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की सगळं गाव विचारायचं, ‘वादळ कुठं पोचलं?’ आमच्या इंदूबाई एकट्या विचारायच्या, ‘डोंगर कुठे आहे?’

त्यांचा डोंगर हवेचा. किन्हवलीजवळच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. जास्त दाबाचा पट्टा शिकवायचा होता, तेव्हा त्यांनी आम्हा अंगाने भरलेल्या पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून मैदानात ओळीने उभं केलं आणि किरकोळ बाळ्याला वादळ केलं. ‘गिरक्या घेत पुढं जा,’ त्या म्हणाल्या. बाळ्याने ओळ फोडायला धडक दिली आणि आपटला. ‘बघितलंस? वादळ मोठं दांडगट, पण त्याला स्वतःची वाट नाय. जड हवेच्या डोंगराच्या कडेकडेनंच जायचं.’ मी कायम डोंगरात. जाडेपणाचा एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

निवृत्तीनंतर बाई शेतीत रमल्या. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापलेलं भात शेतातच वाळत पडतं आणि नेमकी तेव्हाच अरबी समुद्राला वादळं सुचतात. भिजलं तर दाण्याला मोड, वर्षाची मेहनत पाण्यात. बाई मोबाईलवर हवामानाचे नकाशे बघून सांगत, ‘उत्तरेला डोंगर भक्कम आहे. वादळ जाईल ओमानला. पडू द्या भात.’ हे इतक्यांदा खरं ठरलं की गावाने विचारणंच सोडलं. बाईंचं भात शेतात दिसलं की निवांत राहायचं.

एका वर्षी तेच नडलं. सकाळी ‘ओमानला’ म्हणालेल्या बाई दुपारी पदर खोचून घरोघर फिरू लागल्या. ‘उचला रे! डोंगर पूर्वेला सरकलाय. वाट मोकळी झाली, वादळ आपल्याकडे वळणार!’

कुणी हलेना. बाळ्या आता चांगला बापयगडी झालेला. ओट्यावरून हसत म्हणाला, ‘बाई, तुमचंच भात शेतात पडलंय नि आमाला कशाला पळवता? सकाळी तर तुमीच ओमान म्हनालात.’

‘सकाळचा डोंगर सकाळी होता रे! तो हलला, मी पण हलले. त्यात लाज कसली?’

बाळ्या ढिम्म. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तरातरा स्वतःचं शेत गाठलं. पहिला भारा डोक्यावर घेऊन त्या बांधावर दिसल्या मात्र, गावात एकच पळापळ! तो भारा टाकून त्या पुन्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मदतीला गेल्या. संध्याकाळी पाऊस कोसळला तेव्हा सगळ्यांचं भात पडवीत होतं. भिजलं ते बाईंचंच. चार दिवसांनी ‘मोड छान आलेत, उसळ करूया,’ म्हणत त्या हसत सुटल्या. बाळ्याने आपले काही भारे त्यांच्या ओट्यावर आणून टाकले.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचं शेत आता मी कसतो. यंदा भात कापलं आणि पुन्हा वादळाची बातमी आली. मी बांधावर मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होतो. मान वर केली तर बाळ्यासकट निम्मं गाव रस्त्यावर, बाईंच्या शेताकडे बघत.

‘काय रे,’ बाळ्या ओरडला, ‘डोंगर कुठं हाय?’

मी पुन्हा एकदा नकाशा बघितला.

‘आत्ता तरी जागेवर आहे,’ मी म्हणालो. ‘दुपारी पुन्हा बघून सांगतो.’