चार मिनिटं मागे

स्टँडवर कुणी "आबा, किती वाजले?" असं विचारलं की ते आधी उलट विचारायचे, "गाडीचे सांगू का खरे?" विचारणारा हसायचा, आबा मात्र हसायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, मनगट डोळ्यांजवळ नेऊन ते सेकंदासकट वेळ सांगायचे. मनगटावरचं ते चावीचं घड्याळ आबा रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावून घरातून निघत.

घड्याळवाले आबा लिंबागणेशचे. सकाळच्या गाडीने पाटोद्याला यायचे आणि आमच्या दुकानासमोर काचेची पेटी मांडून बसायचे. आता वेळ सगळे मोबाइलवर बघतात. त्यामुळे पेटीत असायची ती बहुतेक दुरुस्त होऊनही कुणी न्यायला न आलेली घड्याळं. प्रत्येकाची वेगळी कागदी पुडी, वर पेन्सिलीने मालकाचं नाव आणि वस्तू हातात आली ती तारीख. रोज एकेक पुडी उघडून ते घड्याळांना चावी द्यायचे. मी एकदा नुसतंच बघत उभी राहिले, तर म्हणाले, "मानूस आज आला तं त्याला बंद घड्याळ देऊ का, तायडे?"

मी बीडला इंग्रजी शाळेत शिकले. पदवी झाल्यावर पाटोद्याला येऊन वडिलांच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसू लागले. लोकांशी काय बोलावं ते मला सुचत नसे. मी मान खाली घालून टाइप करायची आणि लोक मला शिष्ट समजायचे. त्यांचा गैरसमज दूर करायचा तर पुन्हा बोलावंच लागलं असतं.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये वेळ टिकत नव्हती. दुकान बंद करताना मेन स्विच बंद केला की दुसऱ्या दिवशी पडद्यावर कुठल्यातरी जुन्या सालातली एक जानेवारी यायची आणि मग फॉर्मची एकही साइट उघडायची नाही. एका सकाळी रांगेतला एकजण यावरून ओरडला. समोरून आबा उठून आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "रोज जानेवारी कावून दाखवतंय हे? लई आजारी हाय की तुझं यंत्र." मग त्यांनी विचारलं, "मी लावू का टाइम?" मी मान हलवली.

तेव्हापासून ते रोज यायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कुठली खिडकी उघडते, कुठे आकडा घालायचा, हे त्यांनी दोन दिवसांत डोक्यात बसवलं. मी चहा पुढे केला तर म्हणायचे, "आधी टाइम. चहा पोटात गेला की हात हलतो." पुढच्या मिनिटाचा आकडा घालून ते बटणावर बोट धरून थांबायचे. मनगटावरचा सेकंदकाटा बाराकडे चढत असायचा. रांगेतली माणसंसुद्धा गप्प व्हायची. "हां... आता!" म्हणून ते बटण दाबायचे आणि मग चहाला हात लावायचे. चहा संपेपर्यंत ते बोलायचे, मी ऐकायची. मी काही विचारावं अशी त्यांची अपेक्षा नसायची. दिवसभरात मला तेवढाच वेळ हलकं वाटायचं.

त्या कॉम्प्युटरला फक्त एक नवा सेल हवा होता, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. इंटरनेटवरून आपोआप वेळ घ्यायची सोयही होती. ती मी बंद करून टाकली.

एकदा भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई लेकीला घेऊन पहाटेच चालत आली होती आणि आबांची गाडी आली नव्हती. लेक सारखी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. शेवटी मीच वेळ लावली आणि फॉर्म भरून दिला. पावती निघतेय तोच आबा रस्ता ओलांडताना दिसले. मी घाईघाईने घड्याळ चार मिनिटं मागे केलं.

"आबा, तुमच्या ताईनंच लावला की टाइम!" बाई कौतुकाने म्हणाली. "आता तुमाला सुट्टी!"

आबा उंबऱ्यातच थांबले. मनगटावर धरलेला हात त्यांनी खाली सोडला.

"नीट नाही जमलं," मी म्हणाले. "चार मिनिटं मागे आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग मनगटाकडे. "चारच हाय," ते हळूच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. नेमकी चारच मिनिटं हे मला कशावरून कळलं, असं त्यांनी विचारलं नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी त्यांचा नंबरसुद्धा कधी घेतला नव्हता. चौथ्या दिवशी शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, "आबा गेले. झोपेतच." मी त्या दिवशी सगळे फॉर्म नेहमीसारखे भरले.

पंधरा दिवसांनी त्यांची सून आली. आबांच्या पुड्या ज्याच्या त्याला देत ती फिरत होती. "ही तुमची हाय," म्हणून तिने एक पुडी माझ्यासमोर ठेवली. आत कॉम्प्युटरचा नवा, गोल सेल होता. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तायडीचं यंत्र'. खाली तारीख होती. ते आमच्या दुकानात पहिल्यांदा आले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

सून म्हणाली, "द्यायचा ऱ्हाऊन गेला असंल बगा." मी हो म्हणाले.

सेल मी बसवलेला नाही. रोज सकाळी जानेवारी येते. मी आकडे घालते, बटणावर बोट धरते, माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट बघते आणि "हां... आता!" असं मोठ्याने म्हणते. रांगेतली माणसं चमकून बघतात. बघू देत.