घट्ट लागणारं दार

बाईंचं काम नेमकं काय, हे त्यांच्या सासूबाईंना बावीस वर्षांत कुणी पटवून देऊ शकलं नाही. कुणी विचारलं तर त्या सांगत, "नवराबायकोंची भांडणं ऐकते." आणि वर जोडत, "आमच्या वेळी त्याला शेजारी असायचे."

बाईंनी एकदा नीट बसून समजावलं. भांडण हे वरवरचं असतं. माणसावर कधीतरी काही भयंकर गुदरलेलं असतं, तो ते कुणाला बोलत नाही, पण त्याचं अंग ते विसरत नाही, आणि मग त्याचा जाच घरच्यांना होतो. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे तेच," म्हणाल्या.

बाई रोज सकाळी देवापुढे हात जोडून एकच मागत: आज कुणाबद्दल घाईने मत बनवू देऊ नकोस. देव ऐकत होताच. बाईच ते साडेदहापर्यंत विसरत.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर. पूर्वी तिथे दातांचे डॉक्टर बसायचे. त्यांची एक तोटी भिंतीत राहून गेली होती. तिला पाणी नव्हतं, पण बोलायची पाळी आली की प्रत्येक नवरा तिच्याकडेच बघत बसे. तीन खुर्च्या, एक टेबल, कागदी रुमालांचा डबा. बाहेर जिन्याच्या तोंडाशी दोन बाकं.

बाईंना अभिमान होता तो दाराचा. कामाच्या पहिल्याच वर्षी एका सुनेने आत दबक्या आवाजात सांगितलेली गोष्ट बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या सख्ख्या जावेने ऐकली होती. त्या आठवड्यात तो संसार मोडला. बाईंनी सुतार बोलावला, दाराला चारी बाजूंनी जाड रबराची पट्टी बसवली, आतून भक्कम कडी लावली. दार ओढलं की 'भप्प' असा आवाज होई आणि रस्ता, हॉर्न, खालचा दुकानदार सगळे एकदम बंद. नव्या माणसांना त्या सांगत, "इथून मुंगीसुद्धा काही ऐकून जाणार नाही." माणसांच्या जिवात जीव येई.

त्यांच्या कामाची एक रीत होती. एकाने बोलायचं. दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी, आपण काय ऐकलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. यात काही अवघड नाही असं सगळ्यांना वाटे. एका निवृत्त मास्तरांना बायकोचं एक वाक्य परत म्हणायला तीन मंगळवार लागले, आणि तेही त्यांनी दुरुस्त करून म्हटलं.

अशात एक जोडपं येऊ लागलं. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तो फळं साठवण्याच्या शीतगृहात कामाला. सात वर्षांची एक मुलगी. तक्रार सगळी तिची होती, कारण तो बोलतच नव्हता.

"आठ महिने झाले, मॅडम. खोलीत झोपत नाहीत, गॅलरीत झोपतात. आंघोळीला जातात तर दार उघडं. पोरगी मोठी होतेय, काही लाज? आणि माझ्या भावाचं नाव काढलं की उठून जातात. त्याने यांना नोकरीला लावलं, तो यांचा साहेब झाला, तेच पोटात दुखतंय."

"तुम्हाला काय म्हणायचंय?" बाईंनी त्याला विचारलं.

तो बसलाच नव्हता. दाराला पाठ लावून उभा होता, एक हात मागे कडीवर. "काही नाही," म्हणाला.

बाईंनी वहीत लिहिलं: नवऱ्याची तयारी नाही. एक पाय बाहेर. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही तेच. अक्षर दर वेळी अधिक ठाम होत गेलं.

चौथ्या मंगळवारी बायको आली ती ठरवूनच. "शनिवारी मी पोरीला घेऊन भावाकडे चाललेय. बॅग भरलीय. यांना मला थांबवायचं असेल तर आज बोलू देत, नाहीतर राहू देत."

बाईंना वाटलं, आता नाही तर कधीच नाही. आजवर कुणाला केली नव्हती अशी सक्ती त्यांनी केली. "आज उभं राहायचं नाही. बसा," म्हणाल्या, दार 'भप्प' ओढलं, कडी घातली आणि स्वतःची खुर्ची दाराला टेकवून तिच्यावर बसल्या.

तो बसला. तोटीकडे बघू लागला. बायकोने आपलं सुरू केलं, गॅलरीपासून. दोन मिनिटांनी त्याने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. मग हात काखेत घातले. मग त्याचे दात वाजू लागले.

"अहो, काय झालं? थंडी? या उकाड्यात?" बायको उठली. "मॅडम, यांचे ओठ बघा!"

बाईंनी ओठ बघितले. मग आपल्या पाठीमागचं दार बघितलं, आणि त्याची रबरी पट्टी.

"तुमच्या कामावरचं दार कसं आहे हो?"

"असंच," तो म्हणाला. "आवाजही हाच."

बाईंनी खुर्ची बाजूला ओढून दार सताड उघडलं. त्याला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं. दुसऱ्या बाकावर पुढच्या वेळेचे मास्तर आणि त्यांची बायको होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा खाली जाऊन चष्मे बघून या."

"आमच्याकडे चष्मे आहेत," मास्तर म्हणाले.

"दुसरे बघा."

मास्तरांच्या बायकोने मास्तरांना दंडाला धरून खाली नेलं. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बायको नकोशी झालीय असं मी वहीत लिहीत होते. आणि दर मंगळवारी तुम्हाला कोंडत होते."

 तो जिन्याकडे बघत सांगू लागला. अर्ध्या सुट्टीचा दिवस होता. तो आत सफरचंदांची खोकी लावत होता. दुपारी एक वाजता बाहेरून दार लागलं, दिवा गेला. आतून उघडायची कळ महिनाभर बिघडलेली होती. आरडाओरडा करून घसा बसला. बसलं तर झोप येते म्हणून खोकी इकडून तिकडे लावत राहिला, अंधारात, पुन्हा तिकडून इकडे. रात्री दहा वाजता दार उघडलं.

"आणि घरी आलो," तो बायकोला म्हणाला, "तर तू म्हणालीस, जेवण गार झालंय, आता तसंच गिळा."

"मग?"

"गिळलं."

ती काही बोलायला गेली. बाईंनी हात वर केला. "आधी तुम्ही काय ऐकलंत ते सांगा."

"हे म्हणतात, हे नऊ तास आत होते. आणि कुणीतरी दार लावलं होतं."

"'कुणीतरी' ते म्हणाले नाहीत. त्यांनी तेवढं सांगितलंच नाही." बाई त्याच्याकडे वळल्या. "कुणी लावलं?"

 खाली मास्तर दुकानदाराला काचेबद्दल काहीतरी शिकवत होते, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुझ्या भावाने," तो म्हणाला. "न बघता लावलं. घरी जेवताना त्याला आठवलं. परत आला, दार उघडलं, माझे पाय धरले. 'भाऊजी, ताईला सांगू नका, कामावर सांगू नका, माझी नोकरी जाईल.' मी शब्द दिला."

बाईंनी बायकोकडे नुसतं पाहिलं.

 ती बोटांनी पदराची कड कॉलरसारखी दुमडत राहिली. "दार माझ्या भावाने लावलं," ती शेवटी म्हणाली. "यांना आत ठेवून. आणि हे मला त्याने सांगितलं नाही, यांनीही नाही." मग जरा थांबून, अगदी कोरड्या आवाजात, "आणि मी शनिवारी त्याच्याचकडे चालले होते. मग आता जाऊ कुठे?"

"तुला जायचंच असेल तर जा. तो मनाने वाईट नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" ती उसळली. मग लगेच, "नाही. गप्प नका बसू. आठ महिने तेच केलंत."

त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने बाईंकडे पाहिलं. 

ती उठली, पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, जरा जोरातच. "घरी जाऊन बॅग उपसते," म्हणाली. "मॅडम, पुढच्या मंगळवारी भावाला घेऊन आम्ही तिघं येऊ. इथेच बसू, बाहेर."

"तो नाही येणार," नवरा म्हणाला. "घाबरलाय तो. माझ्यापेक्षा जास्त."

"येईल. त्याला चालायला मी शिकवलंय."