दाढा, सुकेळी आणि कुवेतची कॅसेट

लहान मुलांच्या दातांची काळजी या विषयावर मी आयुष्यात एकदाच भाषण दिलं, आणि त्यानंतर आमच्या सांडोर गावात मला कुठल्याच विषयावर कुणी बोलायला बोलावलं नाही.

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. माझी बायको मार्था नर्स. ती दोन वर्षांच्या करारावर कुवेतच्या एका इस्पितळात गेली आणि घरात राहिलो मी आणि आमची सहा वर्षांची फिलोमिना, म्हणजे फिलू. निघताना मार्था मला म्हणाली, "हिचे दात सांभाळा. झोपायच्या आधी तुम्ही स्वतः घासून द्यायचे. आणि पत्रात खरं तेच लिहा. तुम्ही खरं लिहिता एवढाच मला तिथे आधार."

"तू काही काळजी करू नकोस," मी म्हटलं. नवऱ्याने हे वाक्य उच्चारलं की बायकोने त्याच क्षणी काळजी सुरू करावी, हे मला आता कळतं.

पहिला आठवडा बरा गेला. मग घर खायला उठलं. शाळेतून आलो की मी सवयीने दोघांचा चहा टाकायचो आणि दोन्ही कप मीच प्यायचो. एकदा शर्ट शोधताना चुकून मार्थाच्या साड्यांचं कपाट उघडलं. आतून तिचा वास आला आणि फिलूने भोकाड पसरलं. तिला गप्प करता करता माझाही बांध फुटला. (विज्ञानाच्या शिक्षकाने रडू नये असा नियम नाही, पण बरं दिसत नाही.) घरात खायला होतं काय, तर सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, हा आमच्या वसईचा मेवा. मधासारखा गोड आणि डिंकासारखा चिकट. शेजारच्या कतरीनमावशीने एक पुडकं दिलं होतं. एक सुकेळं फिलूच्या तोंडात घातलं, एक माझ्या. दोघंही गप्प झालो. सुकेळं चावताना माणसाला रडता येत नाही, हा शोध मी त्या दिवशी लावला.

शोध लागला की वापर वाढतोच. कपाट रोज उघडायला लागलं. आज रुमाल सापडत नाही, उद्या सुई-दोरा हवाय, परवा तर काही कारणच नाही. फिलू सुकेळं गालात धरून झोपी जायची. झोपलेल्या लेकराला दात घासायला उठवायचं माझ्या जिवावर यायचं. म्हटलं, दुधाचे दात, आज ना उद्या पडायचेच आहेत, त्यांचे कशाला एवढे लाड? आणि पत्रात लिहायचो, "फिलू दोन्ही वेळा दात घासते. मी जातीने उभा असतो." यातलं मी उभा असतो एवढं खरं होतं. कपाटासमोर.

कतरीनमावशी मूळची पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, तिच्या नजरेतून मासळी सुटत नाही तिथे दाढ काय सुटणार? एक दिवस फिलूचा जबडा धरून म्हणाली, "मास्तर, पोरीच्या दाढेला काळं काय लागलंय?"

"सुकेळ्याचा रंग असेल, मावशी."

"रंग? मग पान्याने धुऊन दाखव बघू."

मी विषय बदलला.

अशात शाळेने दातांची तपासणी ठरवली. मुख्याध्यापक म्हणाले, "डॉक्टरीणबाई मुलांना तपासतील. त्याआधी पालकांना चार शब्द सांगायला विज्ञानाचा माणूस हवा." मी लगेच हो म्हटलं. खरं कारण वेगळंच होतं. त्या दिवसांत कुवेतची माणसं पत्रांसोबत कॅसेटही पाठवायची. मार्थाने टेपरेकॉर्डर पाठवला होता. म्हटलं, भाषण टेप करून पाठवावं. बायकोला वाटेल, नवरा नुसती पोर नाही, सगळं गाव सांभाळतोय. सुट्टीवर आलेला निर्मळ गावचा इनास त्याच दिवशी कुवेतला परत निघणार होता. शाळेच्या हॉलवर येऊन कॅसेट घेऊन जातो म्हणाला.

टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, लाल बटण दाबलं आणि सुरू झालो. "पालकहो, दुधाचे दात पडणारच, असं म्हणणारा बाप अडाणी समजावा! दुधाचे दात पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. ते वेळेआधी गेले तर पक्के दात वेडेवाकडे येतात. झोपताना मुलाच्या तोंडात गोड देणं म्हणजे किडीला जेवायला बसवणं!" (हे सगळं मी आदल्या दिवशी वाचलं होतं. वाचताना अंगावर काटा आला होता, पण तो भाषणात घेतला नाही.) टाळ्या पडल्या. मी खाली बसलो, बटण बंद करायचं मात्र विसरलो.

मग डॉक्टरीणबाईंनी मुलं तपासायला घेतली. फिलूचा नंबर तिसरा. त्यांनी आरसा आत घातला आणि एकेक दाढ टोकरून पाहिली.

"चार दाढा किडल्यात. एक तर काढावीच लागेल. बाळ, झोपताना काय खातेस?"

"सुकेळं."

"कोण देतं?"

"पप्पा."

हॉलमध्ये खसखस पिकली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"रोज?"

"पप्पा आईच्या साड्यांचं कपाट उघडतात," फिलूने धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. "मग मी रडते. मग पप्पा रडतात. मग आम्ही सुकेळी खातो. मी एक खाते, पप्पा तीन."

हशा थांबला. त्यापेक्षा लोक हसत राहिले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रांगेतली कतरीनमावशी डोळ्यांना पदर लावून बसली.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "सर, तुम्हीही बसा खुर्चीत."

"मी? मी तर वक्ता आहे."

"तोंड उघडा."

उघडलं. सबंध गावासमोर. माझ्या सहा दाढा किडलेल्या निघाल्या, फिलूपेक्षा दोन जास्त. तोंड तसंच उघडं असताना इनास धावत आला, "मास्तर, बाहेर रिक्षा उभी आहे, विमान चुकेल," म्हणाला आणि टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढून घेऊन गेला. मी आतून "आँ आँ" केलं. त्याला वाटलं दुखतंय.

दुखतच होतं. मार्थाला आता सगळं कळणार होतं. चार दाढा, रडणं, आणि प्रत्येक पत्रातलं खोटं. ती नोकरी टाकून येईल का? यावी असं मला वाटत होतं का? हो, फार वाटत होतं. पण माझ्यावरचा विश्वास उडून यायला नको होती. फिलूची दाढ काढली त्या दिवशी तिने माझं बोट इतकं घट्ट धरलं की मला स्वतःची लाज वाटली. सुकेळ्यांचं उरलेलं पुडकं मी मावशीला परत दिलं आणि रोज स्वतःच्या हाताने फिलूचे दात घासायला लागलो. पत्र लिहायला बसलो की मात्र "प्रिय मार्था"च्या पुढे पेन सरकत नव्हतं.

महिन्याभराने तिची कॅसेट आली. मी आणि फिलू टेबलाशी बसलो. बराच वेळ नुसती खरखर. मग मार्थाचा आवाज.

"तुमचं भाषण ऐकलं. चांगलं होतं. पुढचंही ऐकलं. आधी खूप राग आला तुमचा. दोन दिवस राहिला. मग परत ऐकलं. अहो, खरं लिहायचं ना. मी काय इथे हसत असते? ड्युटीवरून खोलीवर आले की खजूर खात बसते. परवाच एक दाढ भरून घेतली." मग तिने नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "बरं, आता दोघांनी ब्रश घ्या. मी सांगते तसं. आधी उजवीकडच्या वरच्या दाढा. सावकाश. फिलू, जीभ बाहेर काढू नकोस."

मी पळत जाऊन ब्रश आणले. त्या दिवसापासून मोरीच्या तोंडाशी स्टुलावर टेपरेकॉर्डर आला. मार्था सांगायची आणि आम्ही घासायचो.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फिलूला शाबासकी मिळाली. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "सर, हिरड्या सोलवटल्यात. दिवसातून किती वेळा घासता?"

"सहा-सात."

"कशाला? दोनदा पुरे."

खरं सांगायची मला नुकतीच सवय लागत होती, तरी हे सांगवेना. फिलू खेळायला गेली की घरात कुणी बोलायला नसतं आणि टेपवरचं मार्थाचं दात घासून घेणं दोन मिनिटांत संपतं. "दोनदाच घासीन," असं कबूल करून घरी आलो. फिलू खेळायला पळाली. मी टेप लावला आणि शब्द पाळायचा म्हणून ब्रश न घेता नुसताच मोरीत उभा राहिलो. उजवीकडच्या दाढा झाल्या, डावीकडच्या झाल्या. शेवटी मार्था म्हणाली, "आता चूळ भरा," आणि मी निमूटपणे तांब्या उचलून चूळ भरली.