धुक्याचा पंचनामा

हिंदुरावांना अंबरनाथच्या धुक्याची किळस यायची. डिसेंबर लागला की आनंदनगरच्या कारखान्यांमागे त्यांच्या वसाहतीवर सकाळी पांढरा थर बसायचा, आणि लोक गच्चीवर जाऊन त्याचे फोटो काढायचे. 'आपलं महाबळेश्वर' असं लिहून एकमेकांना पाठवायचे. बदलापूरकडच्या एका बिल्डरने तर 'धुक्यात जागे व्हा' अशी जाहिरात छापली होती. हिंदुरावांनी तो कागद वाचला आणि अंगणात जाऊन थुंकले. खऱ्या धुक्याशी त्यांचं वैर नव्हतं. जे धुकं नव्हे, त्यालाही लोक कौतुकाने धुकं म्हणत, याचा त्यांना वीट आला होता.

हा माणूस धुक्यावरच पोट भरून मोठा झालेला. गाव साताऱ्याकडचं, घरात कुणी गुडघाभर पाण्यापुढे गेलेलं नाही, आणि हे मालवाहू जहाजावर खलाशी झाले. एकतीस वर्षं. धुकं पडलं की कप्तान त्यांना जहाजाच्या पार पुढच्या टोकाला पहाऱ्यावर उभं करी. यंत्रं होतीच, पण डोळे आणि कान माणसाचे लागत. नेमून दिलेलं काम एकच: दिसेल ते सांगायचं, वाटेल ते नाही.

न्यूफाउंडलंडजवळ त्यांनी सलग सहा दिवस सूर्य पाहिला नव्हता. तिथे उबदार, दमट हवा थंड पाण्यावर सरकते, खालून गार पडते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन तरंगत राहतात. असलं धुकं वाऱ्याला भीत नाही, उलट वारा त्याला नवी दमट हवा पुरवतो. जमिनीवरच्या धुक्याची तऱ्हा वेगळी. त्याला आकाश निरभ्र लागतं, वारा पडलेला लागतो, जमीन ओलसर लागते. रात्रभर जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि पहाटे धुकं मातीतून उगवल्यासारखं वर येतं. ऊन तापलं की संपलं. आभाळ भरलेलं असेल तर ढगांच्या पांघरुणाखाली ऊब टिकते आणि असलं धुकं धरतच नाही.

"आणि इथे भरल्या आभाळात, वारा सुटलेला असताना, संध्याकाळी सहा वाजता पांढरं येतं," ते बायकोला, काशीबाईंना सांगत. "ते कसलं धुकं? कारखान्याची ओकारी आहे ती."

काशीबाई नुसती मान हलवत. बोलायला श्वास लागतो. दोन वर्षांपासून त्यांचा दमा असा वाढला होता की फाटकापर्यंत जाताना तीनदा बसावं लागे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हवा बदला नाहीतर घर बदला. घर बदलणं या वयात जमणारं नव्हतं. राहिली हवा. प्रदूषण तपासणाऱ्या खात्याने येऊन नमुने घेतले, तरच कारखान्यांना चाप बसणार होता. वसाहतीचे अर्ज वर्षभर धूळ खात पडले, आणि शेवटी एक साहेब म्हणाले, "प्रत्यक्ष होत असेल तेव्हा फोन करा, येतो."

हिंदुरावांनी सोसायटीचा सेक्रेटरी संतोष याला बजावलं, "ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी बोलव. स्वच्छ आकाश असताना नको."

संतोष हसला. "काका, त्या दिवशी दिसतं काय? पातळ पांढरं. साहेबाला एकदम सॉलिड दाखवायला पाहिजे ना."

आणि जानेवारीतल्या एका सकाळी, समोरची इमारतही दिसेना तेव्हा, त्या शहाण्याने कुणाला न विचारता फोन केला. साहेब साडेसातला हजर. नाकाला रुमाल. सगळी वसाहत खाली जमली आणि गॅस, गॅस म्हणून कालवा सुरू झाला.

"साहेब, हे आमचे काका जहाजावर होते," संतोष म्हणाला. "नुसतं बघून सांगतात. पूछो उनको." आणि त्याने हिंदुरावांना डोळा मारला.

हिंदुरावांनी वर पाहिलं. डोक्यावर पांढऱ्यातून निळं दिसत होतं. वारा नावाला नव्हता. कपड्यांच्या तारेला थेंब लोंबत होते. तळमजल्याच्या खिडकीत काशीबाई तोंडाला पंप लावून बसल्या होत्या. एक शब्द खोटा बोललं की काम होणार होतं. तो शब्द त्यांच्या घशापर्यंत आलाही. पण एकतीस वर्षांची सवय आडवी आली.

"आज हे दिसतंय ते धुकंच आहे," ते म्हणाले. "पण साहेब, वास घ्या. वर उबदार हवेचं झाकण बसलंय, म्हणून कारखान्यांचा धूर खालीच कोंडलाय. या थेंबांत काय मिसळलंय ते तपासा. आणि कुंपणालगतचा तो नाला बघा, वाफाळतोय. हवा थंड आणि पाणी कोमट असलं की असं होतं, उत्तरेच्या समुद्रावर मी पाहिलंय. एवढ्या गारठ्यात नाल्याला कोमट पाणी कुठून आलं? त्याचा नमुना घ्या."

साहेबांचं पेन पहिल्या वाक्यानंतरच थांबलं होतं. "पाण्याचं दुसरे लोक बघतात, काका." त्यांनी कागद पुढे केला. 'सदर दृश्य हे धुके असल्याचे अनुभवी रहिवाशाने सांगितले.'

"आणि बाकीचं?"

"ते मागाहून जोडू. धुकं म्हणालात ना तुम्ही?"

म्हणाले होते. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. हिंदुरावांनी सही केली, आणि साहेब रुमाल न काढता गाडीत बसले.

"काय केलंत काका?" संतोष दात-ओठ खात म्हणाला. "एकदा खोटं बोलला असता तर काय जहाज बुडणार होतं?" बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. याच माणसांनी मागच्या आठवड्यात गच्चीवर फोटो काढले होते. हिंदुरावांना त्यांची शिसारी आली, आणि आपलीही.

पुढच्या मंगळवारी आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि संध्याकाळी कारखान्याकडून पांढरं आलं. काशीबाई पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकल्या, खांदे वर चढले. हिंदुरावांनी साहेबांना फोन लावला.

"त्या तक्रारीचा निकाल लागला," साहेब म्हणाले. "पंचनामा झालाय. धुकं आहे ते."

"आजचं धुकं नाही. मी हिंदुराव बोलतोय."

"मग झालं की. सही तुमचीच आहे, काका." फोन बंद झाला.

काशीबाईंनी कशीबशी मान वर केली. "काय म्हणाले?"

"निघालेत," हिंदुराव म्हणाले. "पोचतीलच." ते उठले आणि खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबू लागले. खोटं किती सहज आलं होतं, आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता.