बुटक्या शेंगेची प्रजाती

कॉलेजात त्यांना सगळे शेंगामास्तर म्हणत, तेही तोंडावर. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता हा माणूस मोहरीच्या कुळापायी पुरता वेडा झाला होता. कोबी असो, मुळा असो, नाहीतर रस्त्याकडेचं चार पाकळ्यांचं फालतू तण असो, आधी त्याची शेंग फोडून बघायची, मग बाकीच्या गप्पा.

तरुणपणी एका कड्याच्या कपारीत त्यांना एक झुडूप सापडलं. पाकळ्या चारच, पान चुरडलं की तोच झणझणीत वास, पण शेंग मात्र बुटकी, जवळजवळ गोल. आसपासच्या त्याच्या भाऊबंदांच्या शेंगा सुईसारख्या लांब. शेंगेवरून नातं ठरवायचा तो काळ. मास्तरांनी या एकट्या झुडपासाठी नवी प्रजातीच उभी केली, म्हणजे त्याला भावकीतून काढून वेगळं घर बांधून दिलं. त्या घरावर, म्हणजे झुडपाच्या जोडनावातल्या पहिल्या शब्दात, नाव लावलं आपल्या गुरूंचं. गुरू पुढे सासरे झाले. आधी नाव ठेवलं की आधी मुलगी मागितली, यावर स्टाफरूममध्ये बरीच वर्षं चहा रिचवला गेला.

निवृत्तीनंतरही कॉलेजने त्यांना एक कोपऱ्यातली खोली ठेवली होती. नवं प्रवेशद्वार बांधायचं ठरलं, तेव्हा त्यावर ती बुटकी शेंग आणि खाली प्रजातीचं नाव दगडात कोरायचंही ठरलं. नेमका त्याच सुमारास त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या प्रयोगशाळेत त्यांनीच हौसेने झुडपाची पानं पाठवली होती.

"सर, बसलात ना?"

"उभ्यानेच ऐकतो. बोल."

"तुमचं झुडूप वेगळ्या प्रजातीत बसत नाही. डीएनएवरून वंशवृक्ष मांडला, तर ते थेट लांब शेंगवाल्यांच्या मधोमध येतंय. कड्याच्या पायथ्याशी वाढतं ना ते तण, ती त्याची सख्खी बहीण."

"पुन्हा करून बघ."

"केलंय, सर. दुसऱ्या कपारीतली पानंही लावून पाहिली."

"आणि शेंग? शेंगेचं काय?"

"या कुळात शेंग कितीतरी वेळा आखूड झालीये. एकमेकींशी संबंध नसलेल्या फांद्यांवर, आपापली. तिच्यावरून नातं नाही सांगता येत."

फोन ठेवून मास्तरांनी दोन्ही झाडांचे वाळवलेले नमुने काढले आणि पानं भिंगाखाली धरली. पानांवरची लव दोन्हीकडे सारखीच, टोकाला दुभंगलेली. हे त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं, पण तेव्हा शेंगेपुढे लवेला कोण विचारतो!

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांसमोर उभे राहिले. "दगडावर ते नाव घालू नका. ती प्रजाती मी मोडतोय."

प्राचार्य हसले. मग मास्तर हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. "सर, समारंभ होऊ द्या. मग निवांत काय ते छापा. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय."

"अहो, स्वतःच ठेवलेल्या नावावर काट मारताय!"

"मीच लिहिलंय, मीच मारणार."

आठवडाभरात खोलीला नवं कुलूप लागलं. मास्तरांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. खरी लढाई तिथे होती.

"बाबांचं नाव जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरलंय," बायको म्हणाली.

"माहितीये."

"मग झुडपाच्या नावापुढे जोडा की ते."

"नियमात बसत नाही. झुडपाचं स्वतःचं नाव पहिल्यापासून 'कड्यावरचं' असंच आहे, ते टिकेल. प्रजाती गेली की तिचं नाव जातं."

"नियम कुणी केले?"

"माणसांनीच."

"मग मोडा!"

"नाही मोडणार."

तिने कप असा आपटला की चहा नमुन्यांपर्यंत गेला. "आणि बाबा असते तर त्यांनी शाबासकी दिली असती, असं म्हणून माझी समजूत घालू नका."

"छे! त्यांनी मला हाकलून दिलं असतं."

तिला हसू फुटणार होतं, ते तिने महत्प्रयासाने गिळलं.

मास्तरांनी आणि विद्यार्थिनीने मिळून शोधनिबंध छापला. झुडूप आपल्या लांब शेंगवाल्या बहिणीशेजारी जाऊन बसलं. कॉलेजने मात्र ठरल्याप्रमाणे प्रवेशद्वार उभं केलं, शेंगेसकट आणि नावासकट.

मग प्रवेशांच्या दिवसांत मास्तर रोज दाराशी उभे राहू लागले. येईल त्या मुलामुलीला थांबवून सांगायचे, "वर कोरलंय ना, ते चूक आहे. चूक माझीच. झुडूप खरं आहे, नाव खोटं." काही जण घाबरून पळत, काही जण फोटो काढत, एखादी मुलगी मात्र 'का चूक?' म्हणून अडून बसे. तिला मग ते सगळं कूळ ऐकवत.

प्राचार्यांनी रखवालदाराला पाठवलं. तो ओशाळून म्हणाला, "सर, वरून सांगितलंय, तुम्हाला इथून हटवायचंय."

"हटव की."

रखवालदाराने आजूबाजूला पाहिलं आणि तो दुसऱ्या फाटकाकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या मागोमाग बायको आली. हातात घडीचं स्टूल. त्यांनी चमकून बघितलं तशी ती म्हणाली, "माझं मत बदललेलं नाही. नाव काढायला नको होतं. तुमचे गुडघे दुखतात म्हणून आणलंय." तिने स्टूल दाराच्या बरोबर मध्यभागी उघडलं, इतकं मध्यभागी की प्राचार्यांची गाडी बाहेरच थांबली.